मार्चनंतर शालनताई कुठे राहणार?

शालनताई कोपरकरांची आणि माझी पहिली ओळख इथे जपानात, ग्योतोकु स्टेशनजवळ, भाड्याची घरं दाखवणाऱ्या एका एजंटच्या दुकानात झाली. ती कशी झाली ते सांगते, पण त्याआधी एक गोष्ट सांगते, नाहीतर माझ्याच्याने पुढे लिहवणार नाही. ह्या मार्चमध्ये शालनताईंना राहतं घर सोडायचंय. त्यांची बिल्डिंग पाडणार आहेत. आणि त्यांना दुसरं घर मिळत नाहीये. पंचाहत्तर वर्षांच्या, एकट्या, बाहेरून आलेल्या बाईला कुणी घर द्यायला तयार नाही. ज्या महिन्यात आपलं मराठी मंडळ त्यांचा सत्कार करणार आणि हा गौरवग्रंथ काढणार, त्याच महिन्यात. आपल्याला हॉल मिळाला, त्यांना घर नाही.

आता पहिली ओळख. दोन वर्षं झाली त्याला. आईबाबा वेगळे झाले होते. आम्ही राहायचो ते घर बाबांच्या कंपनीचं, म्हणून ते आईला आणि मला सोडावं लागणार होतं. मी तेव्हाच हायस्कूल सोडलं होतं, त्यामुळे घरं बघायला आईबरोबर मीच जायचे. आईला ऑफिसमध्ये इंग्रजी पुरतं, जपानी मला जास्त येतं. पण मला बोलायचं म्हटलं की घाम फुटतो.

त्या दिवशी एजंट स्क्रीनकडे बघत म्हणाला, "चोत्तो मुझुकाशी." म्हणजे जरा कठीण आहे. 'नाही' असं तोंडावर म्हणायचं नसलं की इथे असं म्हणतात. ते तिसरं दुकान होतं. आईने 'थँक यू' म्हणून पर्स उचलली, मीही उठले.

बाजूच्या खुर्चीवर राखाडी कोट घातलेल्या एक बाई एका नेपाळी जोडप्याला घेऊन बसल्या होत्या. आमच्याकडे न बघताच त्या मराठीत म्हणाल्या, "उठू नका. बसा."

आई दचकली. "तुम्ही मराठी?"

"आधी बसा, मग गाव विचारा. तुम्ही उठलात की त्याचं काम संपलं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुला येतं ना जपानी? विचार त्याला, कुणाला कठीण आहे? त्याला, मालकाला, का घराच्या भिंतींना?"

मी आईकडे बघितलं.

"बरं, भिंती सोड. उरलेलं विचार."

मी विचारलं. इतक्या हळू विचारलं की एजंटला टेबलावर वाकावं लागलं. तो म्हणाला, मालकाला. शालनताई म्हणाल्या, "मग लाव म्हणावं फोन. आम्ही बसलोय." त्याने खरंच लावला. मालक फोनवर म्हणाला, माझं काही नाही हो, पण बाकीच्या भाडेकरूंना त्रास वाटेल. मसाल्यांचा वास, आवाज, कचरा टाकायचे ठरलेले वार चुकतात.

हे ऐकून आईचं तोंड उतरलं आणि शालनताई एकदम खूश झाल्या. "म्हणजे प्रश्न शेजाऱ्यांचा आहे. सोपं झालं. उद्या संध्याकाळी सहाला त्या बिल्डिंगखाली भेटू. गाव कुठलं तुमचं?"

त्यांना ते सोपं का वाटलं, हे कळायला त्यांचं कॅनडातलं आयुष्य माहीत पाहिजे. आपल्या मंडळात सगळ्यांना एवढंच माहीत असतं की ताई 'तिकडे पॉलिटिक्समध्ये होत्या'. जणू काही भिशी चालवायच्या.

त्या मूळच्या पेणच्या. लग्न होऊन कॅनडाला गेल्या. मिस्टर गाड्यांच्या पार्टच्या कारखान्यात. दोघं एका मोठ्या भाड्याच्या टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर राहायचे. एका जानेवारीत तिथलं हीटिंग बंद पडलं. मालक म्हणे पार्ट मिळत नाही. लोक कोट घालून जेवायला बसायचे, खिडकीच्या आतल्या बाजूने बर्फ धरायचं. ताईंनी काय केलं, भिंतीवरचा थर्मामीटर काढला, एक वही घेतली आणि प्रत्येक दार वाजवलं. आत जायचं, थर्मामीटर टेबलावर ठेवायचा, चहा प्यायचा, तोपर्यंत आकडा स्थिर होतो. मग तो आकडा वहीत लिहायचा आणि घरच्यांची सही घ्यायची. आख्खा टॉवर त्यांनी असा केला. ती वही घेऊन त्या नगरपालिकेत गेल्या, तर तिथला नगरसेवक म्हणाला, "तुमच्या देशापेक्षा इथे जास्त थंडी असते, होईल सवय."

पुढच्या निवडणुकीत ताई त्याच माणसाविरुद्ध उभ्या राहिल्या. पडल्या. त्याच्या पुढच्या वेळी परत उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. असं तीनदा निवडून आल्या. भाड्याच्या घरात मालकाने हिवाळ्यात किती ऊब ठेवलीच पाहिजे, ह्याचा नियम त्यांच्या गावात त्यांनी करून घेतला. एक बंद पडलेली शाळा विकून तिथे मॉल करायचं चाललं होतं, तिथे एकट्या बायकांसाठी आणि म्हाताऱ्या माणसांसाठी घरं करून घेतली. त्यानंतरच्या निवडणुकीत त्या पडल्या. का पडल्या? मोठमोठ्या बंगल्यांच्या भागात स्वस्त भाड्याची एक बिल्डिंग व्हावी म्हणून त्यांनी मत दिलं, म्हणून. आणि विरोधाच्या पाट्या कुणी लावल्या? त्याच टॉवरमधून निघून बंगल्यात गेलेल्या आपल्याच लोकांनी. ज्यांच्या घरात ताईंनी थर्मामीटर ठेवला होता त्यांनी. 'आमच्या भागाची शोभा जाईल' म्हणून.

मी त्यांना विचारलं होतं, "राग नाही आला तुम्हाला?"

"आला की. अजून आहे. राग नीट ठेवला तर टिकतो."

त्याच वर्षी त्यांचे मिस्टर वारले. मूलबाळ नाही. इथल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायची जागा निघाली होती, त्यांनी अर्ज केला आणि साठी उलटलेली असताना सुटकेस घेऊन जपानला आल्या. का आलात म्हटलं तर म्हणतात, "बर्फ फार झालं होतं." आल्या आल्या त्यांनाच चार एजंटांनी मुझुकाशी सांगितलं. तिथून लोकांना घरं मिळवून द्यायचं त्यांचं हे काम परत सुरू झालं. कॉलेज संपलं, हे काम चालूच आहे.

तर दुसऱ्या दिवशी सहा वाजता त्या बिल्डिंगखाली आम्ही तिघी. दोन मजली, सहा खोल्यांची साधी इमारत. ताईंनी एक वही माझ्या हातात दिली, आणि त्यांच्या पिशवीत कागदात गुंडाळलेले छोटे टॉवेल होते. इथे नव्या घरात राहायला गेलं की शेजाऱ्यांना असं काहीतरी देऊन ओळख करून घ्यायची पद्धत आहे. आई म्हणाली, "अहो ताई, पण ते राहायला गेल्यावर देतात. आपल्याला अजून घर मिळालेलं नाहीये."

"मत मागायला काय निवडून आल्यावर जातात?"

आई म्हणाली, "लोक हसतील."

"हसू देत की. हसणारा माणूस दार लावत नाही."

पहिल्या दाराशी त्यांनी बेल दाबली आणि चक्क माझ्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. एका म्हाताऱ्या आजोबांनी दार उघडलं. मी टॉवेल पुढे केला, वाकले, आणि शब्दच फुटेना. आजोबा थांबले. मी थांबले. मागून ताई मराठीत पुटपुटल्या, "घाई नाही. त्यांना वाटतंय तू बोलणार आहेस."

आजोबाच म्हणाले, "वरच्या दोनशे तीनमध्ये आलात का? बरं झालं. आधीचा माणूस दार फार आपटायचा."

मला सांगावंच लागलं की आलो नाही, यायचंय, आणि मालक म्हणतात की तुम्हाला त्रास होईल. आजोबांचा चेहरा बदलला. "मला? मला त्रास होईल असं म्हणाले? मला कुणी विचारलंय?" ते चपला घालून बाहेर आले आणि मलाच रागावल्यासारखं बोलायला लागले. ताईंना एवढं भरभर जपानी कळत नाही. त्या मला म्हणाल्या, "काय म्हणतायत?" मी म्हटलं, "त्यांना कुणी विचारलंच नाही म्हणतायत." ताई म्हणाल्या, "कुणीच कुणाला विचारत नाही, बाळ. वहीत लिही."

शेजारच्या बाईंनी विचारलं, जेवणाचा वास येतो का हो तुमच्या? आई घाईने नाही नाही म्हणायला लागली. ताई म्हणाल्या, "येईल म्हणून सांग. फोडणीचा वास येणार नाही तर कसला येणार? खोटं बोलून घर घेऊ नये, मग रोज खिडक्या लावून राहावं लागतं." मी तसं सांगितलं. त्या बाई हसल्या, त्यांनी कचऱ्याचे वार मला विचारून बघितले, मी बरोबर सांगितले, त्या चालेल म्हणाल्या. वरच्या मजल्यावरच्या एका माणसाने टॉवेल घेतला नाही आणि नको म्हणून दार लावलं. मला रडू आलं. आई म्हणाली, "हे लिहायला नको." ताईंनी वही माझ्या हातातून घेतली आणि स्वतः लिहिलं: एक नाही. "त्याचंही मत आहे. आपण मोजताना चोरी करायची नाही."

एक घर बंद होतं. एक नाही, तीन हो. एवढं घेऊन आम्ही एजंटकडे गेलो. एजंटने तीच वही बघत मालकाला फोन केला, आणि मालकाकडे सांगायला दुसरं कारण उरलं नाही. आज आम्ही दोनशे तीनमध्येच राहतो.

ह्यानंतर ताई मला बरोबर न्यायला लागल्या. मी सकाळी बेन्तोच्या दुकानात डबे भरायचं काम करते, दुपारी मोकळी असते. आपल्या मंडळात मला कुणीही भेटलं की पहिला प्रश्न, शाळा का सोडलीस गं? दुसरा, आता पुढे काय? शालनताईंनी दोन वर्षांत हा प्रश्न एकदाही विचारला नाही. त्या एवढंच विचारतात, "मंगळवारी मोकळी आहेस?" आणि एजंटसमोर माझी ओळख करून देतात, "ह्या आमच्या सहकारी. माझं जपानी वाईट आहे, ह्यांचं चांगलं आहे." मला अहोजाहो! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मागे वळून बघितलं, अजून कोण आलंय म्हणून. मी त्यांना आजी म्हणायचे, तर तेही बंद केलं. "ताई म्हण. आपण कामाला आलोय, लाडू खायला नाही."

त्यांच्याबरोबर मी इचिकावात, कोतोत, कुठे कुठे गेले. घर मिळालेल्यांत आपले खूप जण आहेत. ते ह्या ग्रंथातही लिहितील, की ताई कशा शांत, हसतमुख, सेवाभावी आहेत. माफ करा, पण त्या शांत नाहीत. गेल्या वर्षीच्या गणपतीच्या मीटिंगमध्ये काय झालं ते कुणीच लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते. ताईंनीच घर शोधून दिलेल्या एका काकांनी आता इथे दोन फ्लॅट घेतलेत, एक भाड्याने द्यायचा होता. ताई त्यांना म्हणाल्या, माझ्याकडे एक नेपाळी कुटुंब आहे. काका म्हणाले, "नेपाळी नको हो ताई. एकाला द्यायचं आणि दहा जण राहतात." आपण सगळे मोदक खात होतो. खातच राहिलो. ताईंनी ताटली खाली ठेवली. "हेच वाक्य मी कॅनडात ऐकलंय. फक्त तिथे नेपाळीच्या जागी इंडियन होतं." काका म्हणाले, "तुम्ही उगाच राजकारण आणता." ताई म्हणाल्या, "मी आणत नाही. तुमच्या दारात ते आधीच उभं आहे." आणि निघून गेल्या. मागे बायका म्हणाल्या, "वय झालंय, चिडचिड होणारच." वय नाही झालं. चिडण्यासारखं बोललं गेलं होतं.

आता वय झालंय हे मात्र सगळे एजंट सांगतात.

ऑक्टोबरमध्ये ताईंना बिल्डिंग पाडण्याची नोटीस आली. तेव्हापासून आम्ही दोघी फिरतोय. फॉर्मवर जामीन म्हणून इथे राहणाऱ्या सज्ञान माणसाचं नाव लागतं. मी अजून अठराची नाही, म्हणून आईने सही केली. त्याचा प्रश्नच नव्हता. पेन्शनचे कागद आहेत, इथे कायम राहायचा परवाना आहे, चौदा वर्षं एकाच घरात आहेत आणि एकही तक्रार नाही. कशाचाही उपयोग होत नाही. मालकांना भीती आहे की ही बाई खोलीत एकटी मरून पडेल, मग ती खोली दुसरं कुणी घेणार नाही.

एका दुकानात तर त्या तरुण माणसाने हे ताईंकडे न बघता मला सांगितलं. "आजींना काही झालं तर..." आजी समोर बसलेल्या आहेत! मी म्हटलं, तुम्ही त्यांच्याशी बोला. मी मोठ्याने म्हटलं, दुकानातल्या सगळ्यांनी वळून बघितलं. मला त्याचं काही वाटलं नाही, पहिल्यांदाच. मी म्हटलं, कुणाला कठीण आहे, मालकाला फोन लावा. त्याने लावला. मालक म्हणाला, शेजाऱ्यांचं काही नाही, मलाच नको. आता शेजाऱ्यांना विचारून काय उपयोग? मी ताईंकडे बघितलं, त्या पुढचं सांगतील म्हणून. त्या कोटाची बटणं लावत होत्या. त्या उठल्या. दोन वर्षांत मी त्यांना काम होण्याआधी खुर्चीतून उठताना बघितलं नव्हतं. स्टेशनपर्यंत त्या माझ्या पुढे चालत होत्या. मग म्हणाल्या, "तू छान बोललीस."

मी घरी येऊन मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं की ताईंना घर हवंय, कुणाला काही माहीत असेल तर सांगा. सगळ्यांचे जोडलेले हात आले. हातच हात. घर एकही नाही. एकीने लिहिलं, पुण्यात आता वृद्धाश्रम फार छान झालेत. एकाने लिहिलं, त्या कॅनडाला परत का जात नाहीत? ज्या बाईंनी आयुष्यभर 'परत का जात नाही' ऐकलं, त्यांना हे आपल्या ग्रुपवर, मराठीत! आणि त्याच्याच खाली सत्काराच्या शालीचे फोटो होते, मरून बरी दिसेल की जांभळी.

मला माहितीये, आपल्यातल्या तिघांचे फ्लॅट आत्ता रिकामे आहेत. दुसऱ्यांसाठी घरं बघताना मी ते बघितलेत. एक तळमजल्यावर आहे. नावं लिहिणार नाही, कारण ताईंनी मला तसं बजावलंय. मी त्यांना म्हटलं होतं, तुम्ही एवढ्या लोकांची कामं केलीत, त्यांना तुम्हीच सांगा ना. त्या माझ्यावर चिडल्या. म्हणाल्या, "मी त्यांचं काम केलं म्हणून त्यांनी मला घर द्यायचं नाही. मला राहायला लागतं म्हणून द्यायचं. त्या नेपाळी कुटुंबालाही त्याचसाठी द्यायचं होतं. एवढं त्यांना कळलं नसेल, तर मी इथे इतकी वर्षं काय केलं?"

हा लेख लिहिते आहे हे त्यांना माहीत आहे. त्या म्हणाल्या, "माझं कौतुक कमी कर. घराचं लिही." म्हणून मी घराचं लिहिलं.

संपादक मंडळातले काका म्हणाले, शेवट शुभेच्छांनी कर. करते. शालनताई, तुम्हाला निरोगी, भरपूर आयुष्य मिळो. गुडघा दुखायचा थांबो. तुम्ही शंभर वर्षं जगा, असं ह्या ग्रंथात सगळ्यांनीच लिहिलं असणार. बाहेरचे मालक नेमकं ह्याच्या उलटं धरून चाललेत, की तुम्ही लवकर मराल, म्हणून ते घर देत नाहीत. आपल्या तिघा फ्लॅटवाल्यांपैकी एकाला तरी ताई जगणार आहेत असं खरंच वाटत असेल, तर त्याने ते इथे छापू नये. भाड्याच्या करारावर लिहावं, आणि खाली सही करावी.